पत्रिकांवरचे देव

नवरा गेल्यावर चिमणाबाई कळंब्याच्या शाळेत शिपाई म्हणून लागल्या. नवरा शिरोलीला फौंड्रीत होता. शाळेची घंटा त्यांच्याकडे, झाडलोट त्यांच्याकडे आणि पाणीही त्यांच्याचकडे. शाळेला नळ नव्हता. रस्त्यापलीकडच्या हापशावरून डोक्यावर एक कळशी, कमरेवर एक, असं करत व्हरांड्यातला रांजण भरायचा. वर्षानुवर्षं हेच. गुडघे कुरकुरायला लागले होते. रविवारी मात्र त्याच गुडघ्यांनी त्या जोतिबाला जाऊन यायच्या आणि तिथं देवाकडं काही मागायच्या नाहीत.

२००१ साली शहरातल्या एका क्लबानं शाळाशाळांत रद्दी गोळा करायची स्पर्धा लावली. जमलेली रद्दी गिरणीत जाणार, तिच्या नव्या वह्या होणार. ज्या शाळेची रद्दी जास्त भरेल तिला पाण्याची टाकी, मोटर आणि चार नळ.

"चार नळ?" चिमणाबाईंनी दोनदा विचारलं. मग पोरांच्या आधी त्याच पोतं घेऊन गल्लीत फिरल्या. "टाकी येणार हाय आमच्या शाळंला," म्हणत लोकांच्या माळ्यावरची वर्तमानपत्रं उतरवून आणली.

वजन व्हायच्या आदल्या दिवशी गुंडू प्रेसवाल्यानं टेम्पोभर पोती पाठवली. लग्नसराईत चुकलेल्या, उरलेल्या पत्रिका. जाड कागद, पोतं उचलता उचलेना. सातवीच्या अक्षता मॅडम खूश झाल्या.

"मावशी, टाकी आली म्हणून समजा!"

चिमणाबाईंनी पोत्याचं तोंड सोडलं आणि वरच्या पत्रिका हातात घेऊन बघायला लागल्या. वर गणपती. त्याखालच्या पत्रिकेवर जोतिबा, त्याखाली अंबाबाई. घरी आलेली एकही पत्रिका त्या कधी कचऱ्यात टाकत नसत. देव्हाऱ्याखाली ठेवायच्या आणि चांगला दिवस बघून पंचगंगेत सोडायच्या.

"मॅडम, गिरणीत ह्यांचं काय करत्यात?"

"भिजवतात, कुटतात, लगदा करतात."

"देवाचा?"

"कागदाचा, मावशी."

"कागदावर देव हाय की!"

मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. "मग काय करायचं म्हणता?"

"वरचा देव तेवढा कापून घेऊ. खालची नवरा-नवरी जाऊ देत गिरणीत."

पोरी खो-खो हसल्या, पण कात्र्या घेऊन बसल्या. कापलेले देव चिमणाबाई एका स्वच्छ ताटात ठेवत होत्या. मध्येच दीक्षानं एक पत्रिका पुढं केली.

"मावशी, ही आमच्यातली. बुद्ध हायत. ह्ये बी कापू?"

"इचारतीस काय? दे हिकडं." त्यांनी स्वतः जपून कापलं, पदरानं पुसलं आणि त्याच ताटात ठेवलं.

सकाळी ट्रक आला तेव्हा दोन पोती कापायची राहिलेली. ड्रायव्हर ज्ञानू घाई करायला लागला. चिमणाबाई पोत्यांपुढं उभ्या राहिल्या.

"ही न्हाय जायची."

"राहू द्या की. मग उभ्या कशाला, बसा तरी पोत्यावर!"

"देवावर बसू व्हय रं मुडद्या?"

मॅडमना हसू आवरेना. हसता हसताच त्या म्हणाल्या, "जा ज्ञानू. दोन पोती राहू देत."

शाळेचा दुसरा नंबर आला. एका पोत्याहूनही कमी वजनानं पहिला गेला. बक्षीस म्हणून वह्यांचे गठ्ठे मिळाले.

"मावशी, तुमच्या गणपतीनं आमची टाकी घालवली," सातवीतला संग्राम सगळ्यांसमोर म्हणाला.

"त्येनं न्हवं, मी घालवली. देवाला कशाला बोल लावतोस?" एवढं बोलून त्यांनी कळशी उचलली. त्या दिवशी ती नेहमीपेक्षा जड लागली, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

कापलेले देव पंचगंगेला न्यायचं त्यांनी मनात धरलं होतं. मॅडम म्हणाल्या, "नदीत नको मावशी. ते पाणी लोकं पितात." पाणी म्हटल्यावर चिमणाबाईंनी वाद घातला नाही. घमेल्यात हापशाचं पाणी घेऊन सगळे देव भिजत घातले. चार दिवसांत कागद मऊ झाला.

"आता कुठं घालायचं?" पोरींनी विचारलं.

"फाटकाजवळच्या पिंपळाला," दीक्षा म्हणाली. "बुद्धांचं झाड हाय त्ये."

"आमचं बी हाय की! मग भांडण कसलं?" म्हणत चिमणाबाईंनी घमेलं पिंपळाच्या बुंध्याशी ओतलं.

राहिलेल्या दोन पोत्यांचंही पोरींनी सवडीनं तसंच केलं. खालची नवरा-नवरी तेवढी रद्दीवाल्याकडं गेली.

पुढं तीन वर्षांनी शाळेला सरकारी नळ आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. चिमणाबाईंनी पहिली बादली भरली, ती पिंपळाला घातली, हात जोडले. दुसरी भरायला आल्या तर पाणी गेलेलं.

"आलं तसं गेलं बी," त्या म्हणाल्या, आणि कळशी घेऊन रस्ता ओलांडून हापशाकडं निघाल्या.