देविदास काकांचा आवाज

मी देविदास काकांशी खोटं बोलले होते, आणि आता ते दुरुस्त करता येणार नाही.

मागच्या मंगळवारी काका गेले. यवतमाळला, घरीच. चहा घेता घेता.

ज्यांना नाव माहीत नाही त्यांनीही त्यांना टीव्हीवर पाहिलंय. "आम्ही खूप प्रयत्न केले" म्हणणारा डॉक्टर. जज. मच्छीमार. मौलवी. सावकाराचा मुनीम. कोल्हापूरकडचा सरपंच.
बावीस वर्षं मुंबईत, आणि बहुतेक रोल दोन-तीन सीनचे.

चेहरा ओळखीचा वाटायचा, पण कुठला ते कोणाला आठवायचं नाही. एकदा बसस्टँडवर एक जण म्हणाला, "तुम्ही आमच्या गावचे तलाठी होते ना?"
काका म्हणाले, "व्हतो ना. बदली झाली."

प्रत्येक रोलसाठी ते एक खरा माणूस शोधायचे. मच्छीमारासाठी चार दिवस कोळीवाड्यात जाळी दुरुस्त करत बसले. मौलवीसाठी बिल्डिंगमधल्या एका चाचांकडून उर्दूचे उच्चार घोटून घेतले.

पण पहिल्याच ऑडिशनला त्यांना सांगितलं गेलं होतं, आधी तोंडातला विदर्भ काढा.
त्यांनी काढला.
बावीस वर्षं सगळ्यांची भाषा बोलले. फक्त घरची नाही.

रिटायर होऊन यवतमाळला परत आले तेव्हा त्यांना मी सापडले. शेजारची, इंग्लिश मीडियमची, डोक्यात फक्त सिनेमा.
माझी शॉर्ट फिल्म होती, अठरा मिनिटांची. हरवलेली बकरी शोधत दिवसभर फिरणारा एक म्हातारा. शूट पांढरकवड्याच्या अलीकडे एका गावात.

मी विचारलं, "काका, या रोलसाठी कोणाला शोधणार?"
"याले कायले शोधाचं वं? हा माहा बाप व्हय."

आणि ते बोलायला लागले. बकरीला शिव्या दिल्या, मग तिची समजूत काढली, रस्त्यातल्या प्रत्येकाला थांबवून विचारलं. मला अर्धे शब्द कळले नाहीत. साउंड रेकॉर्ड करणारा माझा मित्र हेडफोन दोन्ही हातांनी दाबून बसला होता, हलत नव्हता.

दोन फेस्टिव्हलनी फिल्म नाकारली.
पुण्यात एका सीनियर माणसाने बघून सांगितलं, "अॅक्टर कमाल आहे. पण लँग्वेज फार हेवी आहे. ऑडियन्स बाहेरच राहतो. डब करून टाक."

मी डब करून टाकली.

पुण्याच्याच एका मुलाच्या आवाजात. स्वच्छ, सगळीकडे चालेल अशी मराठी. काकांना विचारलं नाही. सांगितलंही नाही.
पुढच्याच फेस्टिव्हलला सिलेक्शन झालं. मी इथेच पोस्ट टाकली होती, तुम्ही सगळ्यांनी हार्ट दिले होते.

मग यवतमाळला कॉलेजच्या हॉलमध्ये स्क्रीनिंग. काका इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत, एकटेच. काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं.
पहिलं वाक्य आलं तेव्हा त्यांनी मान जरा वळवली, मागून कोणी हाक मारल्यासारखी. मग सरळ बसले. शेवटपर्यंत.

स्कूटीवर घरी सोडताना मागून म्हणाले,
"आवाज चांगला हाय त्या पोराचा."
"हो काका."
"माह्यात काही चुकलं का?"
"नाही हो काका. त्या दिवशी वारा फार होता. साउंड खराब झाला."
"मंग सांगाचं ना वं. म्या जरा जोरात बोललो असतो."

दोनदा सॉरी म्हणाले. ते. मला.

परवा रविवारी काकांसाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, फुलं वाहून झाली, दुपारपर्यंत घरचेच लोक उरले. काकांच्या मुलाने टीव्हीला माझ्या फिल्मचा पेनड्राइव्ह लावला.
"आई, यात बाबा आपल्यावानी बोलले, पाय."

म्हणजे काकांनी घरी काहीच सांगितलं नव्हतं.

काकू थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे.
"हा आवाज कोनाचा व्हय वं?"
"पुण्याच्या एका मुलाचा, काकू."
"अन् यायचा सोताचा कुठी हाय?"

ओरिजिनल साउंडचं फोल्डर, डब करण्याआधीच्या फिल्मसकट, मी मागच्या वर्षी उडवलं. पुढच्या प्रोजेक्टला जागा हवी होती. मित्राकडेही नाही, तिथूनच फोन करून विचारलं.

काकूंना सगळं सांगितलं. वाऱ्याचंही.

 त्यांनी रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज बंद केला.

स्क्रीनवर काका चालत होते, ओठ हलत होते. काकू हळूच बोलायला लागल्या. काकांनी सगळी प्रॅक्टिस त्यांच्यासमोरच केली होती.
"आता हे सायकलवाल्याले इचारते, माही बकरी पायली का गा?"
"आता तिले शिव्या देते."
"आता म्हनते, ये वं माय, अंधार पडून राह्यला."
मध्ये दोन ठिकाणी अडकल्या. "इथलं आठोत नाई," म्हणाल्या, आणि तेवढा वेळ स्क्रीनवर काकांचे ओठ नुसते हलत राहिले.

ती फिल्म मी चॅनेलवरून काढलीये. लिंक मागू नका.

काका, त्या दिवशी वारा नव्हता. माइक चांगला होता. तुम्ही अगदी बरोबर बोलला होतात.

सॉरी मी म्हणायला हवं होतं.

जयभीम, काका.