कुरडयांची राखण

मे महिन्यात मला माहेरी जायचं असतं ते झोपायला. हे कुणाला सांगितलं की हसतात. आईची आठवण येते, मुलांना हवापालट होतो, अशी कारणं लोकांना पटतात. झोप हे कारण कुणाला पटत नाही, म्हणून मी ते सांगत नाही. पण वर्षभर मनात असतं तेच. दुपारी जेवून आडवं व्हावं, कुणी हाक मारू नये, आणि जाग येईल तेव्हा बाहेर ऊन कललेलं असावं.

कुपवाडात आमच्या भाड्याच्या दोन खोल्या आहेत. मुलांचे वडील तिथल्याच एका कारखान्यात लेथ मशीनवर असतात आणि त्यांची पाळी सारखी बदलत असते. ते दिवसा झोपले की मुलांना गप्प ठेवायचं, ते जागे असले की सगळ्यांना खायला घालायचं. पोरगी सहा वर्षांची, पोरगा तीन वर्षांचा. गप्प बसणं म्हणजे काय हे त्याला अजून माहीतच नाही.

एका पगारात घर भागवायचं तर काटकसर हवी, हे सगळे सांगतात. काटकसरीला किती वेळ लागतो ते कुणी सांगत नाही. बाजार उठायच्या वेळी गेलं की भाजी स्वस्त मिळते, पण निम्मी किडकी निघते आणि निवडायला बसावं लागतं. सायीचं तूप घरी कढवायचं. पोरीचा आखूड झालेला फ्रॉक उसवून त्याचा पोराला सदरा करायचा. तासगावहून प्रतवारीत बाजूला काढलेला काळा बेदाणा आणायचा आणि एकेका मण्याचा देठ काढत बसायचं, कारण डब्यात काजू-बदाम नाही तर निदान तेवढं तरी असावं. जे काही वाचतं ते माझ्या अंगातून वाचतं. मी तक्रार करत नाही, म्हणजे करते, पण ऐकायला कुणी रिकामं नसतं.

आई आटपाडीच्या अलीकडे एका वस्तीवर राहते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊ फौजेत आहे, वहिनी आणि मुलं त्याच्याबरोबर क्वार्टरमध्ये. आईकडे एक म्हैस, थोडी डाळिंबाची झाडं आणि स्लॅबचं घर. यंदा मार्च लागल्यापासून तिचा एकच प्रश्न होता, "कवा येतीस गं?" दर फोनला. शाळा सुटली की येते, असं मी सांगायचे. नातवंडांसाठी जीव तुटत असेल तिचा, असं मला वाटलं.

बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून एसटीत पाय ठेवायला जागा नसते. पोरगा मांडीवर, पोरगी पायाशी पिशवीवर बसलेली, आणि तासगाव सोडल्यावर पोरानं बेदाणे माझ्या पदरात ओकून टाकले. तरी मी चिडले नाही. आज दुपारी झोपायचं आहे, एवढंच डोक्यात होतं.

घरात शिरले आणि वास आला. आंबूस, भिजलेल्या धान्याचा. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोठं पातेलं, त्यावर परात, परातीवर वरवंटा. परात उचलून बघायची गरजच नव्हती. आईनं कुरडयांचे गहू भिजत घातले होते. आमच्याकडे कुरडयांचे गहू तीन दिवस भिजतात आणि रोज पाणी बदलावं लागतं. मग ते वाटायचे, चोथा पिळून चीक काढायचा, तो रात्रभर ठेवून वरचं पाणी ओतायचं, पहाटे शिजवायचा आणि गरम आहे तोवर सोऱ्यातून पाडायचा. एकदा गहू भिजले की थांबता येत नाही. उद्या करू म्हटलं तर आंबून जातात.

म्हणजे मी निघायच्या आधीच माझं काम भिजत पडलं होतं.

"आल्या आल्या जुपतीस व्हय मला?" मी म्हणाले. हातातली पिशवीसुद्धा अजून खाली ठेवली नव्हती. "वर्षातनं एकदा येते मी. त्यात पण कुरडयाच?"

"तुला कोण कर म्हणतंय?" आई म्हणाली. "तू पड जा. मी करती हळूहळू."

"मग मी यायच्या आधीच करायच्या हुत्या."

पोरांना जवळ घेऊन तिनं ताक दिलं.

मी जेवले आणि खरंच जाऊन पडले. हट्टानं. पंखा फिरत होता, पोरं बाहेर म्हशीपाशी होती, हाक मारणारं कुणी नव्हतं. एवढ्यासाठी वर्षभर थांबले होते आणि आता डोळा लागेना. आतून मिक्सर सुरू झाल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा सुरू झाला. मग पाणी ओतल्याचा. चोथा पिळताना बाई किती वेळ थांबते हे मला माहीत आहे. आई फार वेळ थांबत होती. मी कूस बदलली. माझं माहेर आहे, मी का उठायचं, असं स्वतःलाच सांगत राहिले.

शेवटी उठले ते रागानंच. दारात आले तर आई भिंतीला टेकून बसली होती. डावा हात पातेल्यात होता आणि उजवा मांडीवर नुसता ठेवलेला. डोक्यावरचा पदर खाली घसरला होता. तिचे केस कसेतरी ओढून एका बाजूला गोळा केलेले होते, भांगही नीट नव्हता. माझ्या आईनं आयुष्यात वेणीफणी केल्याशिवाय दिवस काढलेला नाही.

"हात काय झालाय तुझा?"

"खांदा धरलाय. वर जाईना." मग म्हणाली, "संक्रांतीपासनं."

"आणि मला सांगितलं न्हाईस?"

"तुला काय कमी हाय का? दोन पोरं, मालकांच्या पाळ्या. त्यात माझं कुठं घालू?"

मी बसले आणि तिच्या हाताखालचं पातेलं ओढून घेतलं. चोथा पिळत राहिले. ओशाळं वाटत होतं आणि रागही येत होता, आणि तो राग कुणावरचा हे कळत नव्हतं. हात असा असताना कुरडया कशाला घातल्यास, असं मी विचारलं. विकत मिळतात की. तर म्हणाली, लेकीचा डबा विकतच्यानं कसा भरायचा, आणि सुनेचाही.

मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आन खरं सांगू का, गहू घातलं म्हंजी तू दोन दिस जास्त ऱ्हाशील वाटलं. लय दिस झालं, दुपारची आडवी झाले न्हाई बग. एकटीला डोळाच लागत न्हाई. म्हैस हाय, दार हाय, कोण ना कोण येतंय. म्हटलं, लेक आली की झोपीन."

माझा हात थांबला. इतके दिवस ती कवा येतीस, कवा येतीस म्हणून विचारत होती ते यासाठी. तिकडे मी झोपायला तिच्याकडे यायची वाट बघत होते, आणि इकडे ती झोपायला माझी. दोघी एकमेकींच्या भरवशावर जाग्या. मला एकदम इतकं थकायला झालं की रडावंसंही वाटेना.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी चूल पेटवली. गॅसवर एवढं मोठं पातेलं बसत नाही. पाण्याला उकळी आली की मीठ, हिंग घालायचं आणि चीक ओतत ओतत हाटायचा, गुठळी होऊ द्यायची नाही. चीक घट्ट होत आला की उलथनं दोन्ही हातांनी धरून फिरवावं लागतं. उजवा खांदा निकामी झालेल्या बाईनं हे कसं करायचं ठरवलं होतं, देव जाणे. पोरांनी वाटीत गरम चीक घेतला, त्यावर दूध-साखर घालून खाल्ला आणि तोंडं माखून घेतली. सोऱ्या भरून मी गच्चीवर अंथरलेल्या जुन्या साडीवर कुरडया पाडत गेले. आई खालून ओरडून सांगत होती, "लय जाड नको पाडू, तळताना फुलायच्या न्हाईत!" शिकवायला तिला दुसरी वेळ मिळत नाही.

जेवणं झाली तशी मी तिचे केस विंचरले. सरळ भांग पाडला, घट्ट अंबाडा बांधला. ती लहान मुलीसारखी मान खाली घालून बसली. मग मी म्हणाले, "आता पड. दाराशी मी हाय." ती आतल्या खोलीत गेली, भिंतीकडे तोंड केलं, आणि मी पंखा लावेपर्यंत झोपलीसुद्धा. पोरगाही तिच्या पाठीला चिकटून झोपला.

कुरडया ओल्या असतात तोवर कावळे ठेवत नाहीत. मी काठी घेऊन गच्चीवर टाकीच्या सावलीत बसले. तिथून दारही दिसत होतं आणि म्हैसही. डोळ्यांची आग होत होती. मान पुढं पडायची, दचकून जाग यायची, पुन्हा पडायची. माझी झोप यंदा गेली, हे मला कळून चुकलं होतं. वाईट वाटत होतंच. आई झोपली याचं बरं वाटत होतं, पण त्यानं माझं अंग काही हलकं होत नव्हतं.

पोरगी जिन्यानं वर आली. उन्हात गाल लाल झालेले. माझ्याकडे थोडा वेळ बघत उभी राहिली, मग जवळ येऊन माझ्या हातातली काठी ओढू लागली.

"आई, तू झोप. मी बसते इथं."

"खेळायला जा तू."

"नको. मला झोप नाही आली," ती म्हणाली आणि तिला जांभई आली. ती तिनं हातानं दाबून टाकली.

झोप आलेली असताना नाही म्हणायची ही युक्ती मला ओळखीची होती. ती मी कुणाला शिकवलेली नव्हती. मी काठी हिसकावून घेतली आणि म्हणाले, "खाली जा म्हटलं ना! पड आज्जीजवळ, नाहीतर खेळ, पण इथं थांबायचं नाही." आवाज फार चढला होता.

तिचा चेहरा पडला. "मी नीट राखते, मला येतं," ती म्हणाली.

तिला येतं हे मला दिसतच होतं. तेच नको होतं मला. ती रडत जिना उतरली, आणि मी तिला परत बोलावलं नाही.