टायरचा बंधारा

“टायरबरोबर एखादी ट्यूब पण दिली असती ना, तर म्हातारी तरंगली असती,” ओव्हरसिअर म्हणाला आणि त्याने बशीतल्या चहावर फुंकर घातली.

काका हसले. आधी नाकातून, मग मोठ्याने. ओटीवर बसलेले तलाठीही हसले, पण त्यांनी आधी काकांकडे बघून घेतलं. मी दारात ट्रे घेऊन उभी होते. मधल्या खुर्चीवर रस्त्याच्या खात्याचे मोठे साहेब होते. ते मद्रासकडचे. मराठी अजिबात येत नव्हतं, हिंदी बाजारापुरतं. सगळे हसले म्हणून तेही थोडे हसले आणि माझ्याकडे वळून त्यांनी इंग्रजीत विचारलं, काय म्हणतायत?

“पावसाचं बोलतायत म्हणून सांग, बेबी,” काका म्हणाले.

मी तसं सांगितलं. साहेबांनी मान हलवली आणि आभाळाकडे पाहिलं. आभाळ त्या दिवशी स्वच्छ होतं.

मला बोलवायचं कारण एवढंच, की ओव्हरसिअरचं इंग्रजी ‘येस सर’च्या पुढे जात नव्हतं. काकांना इंग्रजी वाचता यायचं, पण कुणी बोलायला लागलं की कळायचं नाही. वडील गेल्यापासून आई आणि मी काकांकडेच राहत होतो. शाळेपुरती मी बाहेर, बोर्डिंगमध्ये होते. शाळा संपून परत आले तेव्हा माझं मराठी घरात चेष्टेचा विषय झालं होतं. काकी मला मड्डम म्हणायची. “मड्डमची जीभ बोर्डिंगमध्येच राहिली वाटतं,” असं ती पाहुण्यांसमोर म्हणे आणि पाहुणे माझ्या तोंडाकडे बघत. मग मी आणखीच गप्प होई. गप्प बसणाऱ्या माणसासमोर लोक काहीही बोलतात, हे मला त्या घरात कळलं.

आमची जुनी वाडी डहाणूला, समुद्राच्या अंगाला. चिकू, नारळ, थोडी भाजी. तळासरीच्या बाजूला काकांची दुसरी जमीन होती, नव्या हायवेला लागून, आणि आमचं राहतं घरही तिथून जवळच. तिच्या कडेने एक ओहोळ वाहायचा आणि पुढे रस्त्याच्या भरावाखालून, नळाच्या मोरीतून पलीकडे जायचा. मोरीच्या अलीकडे, ओहोळाच्या काठाला, चार झोपड्यांचा पाडा होता. त्यांची भाताची खाचरं तिथेच, झोपड्यांना लागून. ही खाचरं पूर्वी आमची होती. कुळकायद्यात ती पाड्याच्या नावावर झाली. काका त्या तुकड्याला अजूनही ‘आपलं खालचं’ म्हणायचे.

पाऊस संपला की ओहोळाला बंधारा घालायची आमच्याकडे पद्धत होती. एकट्या आमच्याकडे नाही, त्या भागात सगळीकडेच. कारवीच्या काठ्या रोवायच्या, मध्ये पालापाचोळा आणि पेंढा कोंबायचा, वर चिखल लिंपायचा. त्या पाण्यावर मिरची-वांगी निघायची. हा बंधारा मोडायला कधी कुणी जात नसे. पावसाळ्यात ओहोळाला पाणी आलं की ते काठ्या, पेंढा, चिखल सगळं घेऊन जाई. पुढच्या वर्षी पुन्हा नवा. मोडण्याचं काम आपलं असतं, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

हायवेचं काम चाललं होतं तेव्हा खडी आणि माती वाहणारे खात्याचे ट्रक त्या रस्त्यावर सारखे फिरत. त्यांचे फाटलेले टायर ओव्हरसिअरच्या छावणीमागे, थेट ओहोळाच्या काठावर टाकलेले असत. त्यांचं काय करायचं हे खात्याने ठरवलेलं नव्हतं. काळा ढीग वाढत गेला, त्यात पाणी साचलं, डास झाले. काम संपून छावणी उठायची वेळ आली तेव्हा ओव्हरसिअरने काकांना सांगितलं, “शेठ, घेऊन जा सगळे. माझी जागा मोकळी होईल, तुमचं काम होईल.”

काकांना ती कल्पना फार आवडली. टायर कुजत नाही, टायरला वाळवी लागत नाही. मी नाताळच्या सुट्टीत आले होते तेव्हा हा बंधारा बांधला जात होता. काका स्वतः काठावर उभे होते. टायर एकावर एक रचले होते आणि कुंपणाची काटेरी तार त्यांच्यातून ओवून सगळे एकमेकांना जखडून टाकले होते. तार ओढताना पाड्यावरच्या एका बाईचा तळहात फाटला. तिने तो चिखलात दाबला आणि पुन्हा तार धरली. ही बाई आमच्या घरी बारा महिने कामाला असायची. मला ती ‘बाय’ म्हणायची. त्या घरात माझ्या बोलण्याला न हसणारी ती एकटीच होती. कदाचित मी तिच्याशी फारसं बोलतच नव्हते म्हणूनही असेल.

“आता दरवर्षीची कटकट गेली,” काका म्हणाले.

तिने फक्त एकदा विचारलं, “शेठ, पाऊस आल्यावर ह्याला काढायचा कोणी?”

“तुझ्या नवऱ्याने,” काका म्हणाले आणि सगळे गडी हसले.

पावसाळा लागला. आमच्या खाचरांत लावणी होती. पाड्यावरची सगळी माणसं आमच्याच शेतात वाकलेली होती, तीही, तिचा नवराही, दीर आणि जाऊही. त्यांची स्वतःची लावणी नंतर, आमची आटोपल्यावर, हे ठरलेलंच असायचं. झोपडीत एकटी तिची सासू होती. तिला दिसत नव्हतं. ती दिवसभर भाताच्या कणगीला टेकून बसून असायची.

रात्रभर पाऊस पडला होता आणि सकाळीही थांबला नव्हता. मी काकांचा डबा घेऊन बैलगाडीतून आले होते आणि गाडीतच बसून होते. ओहोळ फुगला होता. टायरचा बंधारा एकदम, जसाच्या तसा उठला. काठ्यांचा असता तर सुटा होऊन मोरीतून निघून गेला असता. हा तारेने बांधलेला, एका अंगाचा, वळवळत खाली गेला आणि दिसेनासा झाला. काका म्हणाले, “गेला वाटतं.” जरा वाईट वाटल्यासारखं म्हणाले.

मग रस्त्यावरून एक गाडीवान ओरडत आला, की मोरी तुंबली, पाड्यात पाणी चढतंय.

ती ताठ उभी राहिली. हातात रोपांची जुडी होती. तिच्यामागे बाकीचेही उभे राहिले.

“हे खाचर संपवून जा,” काका छत्रीतून म्हणाले.

“शेठ, म्हातारी हाय घरात.”

“म्हातारी काय आजच बसली आहे का घरात? एवढंसं राहिलंय. पाणी चढायला वेळ लागतो.”

ती उभीच राहिली. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि तो वाकला. मग तीही वाकली. तिने ते खाचर इतक्या वेगाने संपवलं की रोपं वाकडीतिकडी लागली, आणि काकांनी तेवढ्यातही तिला दोन ओळी पुन्हा लावायला लावल्या. मी गाडीत बसून हे पाहिलं. मग ती सगळी पळत सुटली.

दुपारी परत जाताना आमची गाडी हायवेवरून गेली. रस्त्याच्या एका बाजूला तळं झालं होतं. झोपड्यांची छपरं तेवढी वर होती. दुसऱ्या बाजूला, मोरीच्या तोंडाशी, ओहोळात गुडघाभरही पाणी नव्हतं. दगड उघडे पडले होते. बैल रस्त्याच्या मधोमध थांबले आणि गाडीवानाने त्यांना शिव्या दिल्या.

म्हातारी पाणी उतरल्यावर सापडली. कणगीला तिने हात घातले होते. भात भिजून फुगलं होतं आणि कणगी फुटली होती.

मोरी मोकळी करायला कुणी यायला तयार नव्हतं. ओव्हरसिअर म्हणाला, रस्ता आमचा, रस्त्याखालचं पाणी महसूल खात्याचं. तलाठी म्हणाले, ओहोळ आमचा, पण मोरी बांधली कुणी? सरपंच म्हणाले, पंचायतीकडे साखळदंडही नाही आणि ट्रकही नाही. तीन दारं झाली आणि तिन्ही दारांत पाड्याची माणसं भिजत उभी राहिली. पाणी रस्त्यावर चढून डांबर उखडायला लागलं तेव्हा मात्र त्याच संध्याकाळी ट्रक आला, साखळदंड आला आणि टायर ओढून भरावावर टाकले. रस्त्याला धक्का लागला म्हणूनच चौकशी लागली आणि मोठे साहेब आले.

साहेब येण्याआधीच आमच्या ओटीवर सगळं ठरलं होतं. पावसाच्या सुरुवातीला मासे ओहोळातून वर चढतात. ते धरायला पाड्याच्या लोकांनी टायर चोरून मोरीत लावले, असं सांगायचं. म्हणजे चूक त्यांची. आणि ज्यांनी सरकारी मोरी बुजवली त्यांच्या झोपड्या मोरीजवळून हलवायच्या, पार डोंगराकडे, रस्त्याच्या सुरक्षिततेसाठी. खाचरं कसायला तिथून कोण रोज येणार? ‘आपलं खालचं’ पुन्हा आपलं होणार होतं. काका हे उघड बोलले नाहीत. त्यांनी फक्त तलाठ्यांना विचारलं, “मग ती जागा पडीक राहणार का?” आणि तलाठी म्हणाले, “बघू ना, शेठ.”

मी ट्रे घेऊन ओटीवर निघताना काकी म्हणाली, “मड्डम, तेवढंच बोल जेवढं काका सांगतील. मध्ये तुझं डोकं घालू नकोस. तुझ्या आईला इथेच राहायचंय.”

चहा झाल्यावर आम्ही मोरीवर गेलो. टायर भरावावर पडलेले होते, गाळाने पांढरे झालेले, अजूनही एकमेकांत अडकलेले. काटेरी तार त्यांच्यातून तशीच होती. पाड्याची माणसं रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली होती. ती उभी होती. तिच्या तळहातावरचा व्रण मला दिसला.

साहेब टायरांभोवती फिरले. काठीने त्यांनी एक उचलायचा प्रयत्न केला, तर सगळेच हलले. त्यांनी विचारलं, मासे धरायला हे एवढं बांधलं?

मी मराठीत सांगितलं. ओव्हरसिअर म्हणाला, “हो साहेब, ही जंगली माणसं. यांना काय अक्कल.” मी ते इंग्रजीत सांगितलं. काका म्हणाले, “आमची बिचारी माणसं आहेत, चुकली. पण सरकारने त्यांना इथून हलवलेलं बरं. पुन्हा कुणाचा जीव जायला नको.” मी तेही सांगितलं. साहेबांना काकांचा हा मनाचा मोठेपणा आवडलेला दिसला. त्यांनी खिशातून पेन काढलं.

मग त्यांना काही आठवलं असावं. त्यांनी मला विचारलं, या बाईला काही म्हणायचंय का? तिच्याच घरातली गेली ना?

मी तिला विचारलं.

ती साहेबांकडे न बघता माझ्याकडे बघत होती. “बाय,” ती म्हणाली, “तू तर गाडीत होतीस.”

एवढंच.

“काय म्हणाली?” साहेबांनी विचारलं.

“सांग, म्हातारीसाठी रडतेय म्हणून,” काका म्हणाले. ती रडत नव्हती.

मला आठवतं ते असं, की माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. शाळेत पाठ म्हणून दाखवायचे तसा, सपाट. मी इंग्रजीत बोलायला लागले. टायर कुणाच्या छावणीमागे पडले होते, कुणी दिले, कुणी नेले. तार आमच्या कुंपणाची आहे, कुंपण इथून दिसतं, साहेबांनी मान वळवून बघावं. साहेबांनी मान वळवली. लावणीच्या दिवशी ही माणसं कुठे होती आणि कुणी त्यांना जाऊ दिलं नाही. आणि शेवटी, सकाळी ओटीवर ओव्हरसिअर पावसाचं बोलत नव्हता, काय बोलत होता, ते शब्दाला शब्द. मासे धरण्याचं खोटं आहे, हेही सांगितलं.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. ओव्हरसिअरचं तोंड उघडं होतं. त्याला ‘टायर’ आणि ‘ओव्हरसिअर’ हे दोन शब्द कळले असणार, आणि ते दोन्ही बरेचदा आले होते. तलाठी दोन पावलं मागे सरकून पाड्याच्या माणसांच्या बाजूला उभे राहिले, जणू ते आधीपासून तिथेच होते.

काका माझ्याजवळ आले. त्यांनी हसू तसंच ठेवलं होतं, साहेबांसाठी. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अंगठा हाडाच्या खळग्यात रुतवला.

“एवढं लांबलचक काय सांगितलंस गं, बेबी?”

ती माझ्याकडे बघत होती. तिला इंग्रजी कळलेलं नव्हतं. म्हणून मी मोठ्याने सांगितलं, तिला ऐकू जाईल असं.

“टायर आपले होते, हे सांगितलं, काका. तुम्ही खाचर संपवायला लावलंत, तेही. आणि ट्यूबचं पण.”