ओमनं टीव्हीतल्या बाईचे डोळे पुसले

मंडळी, दुपारपासून मनातून जात नाही म्हणून लिहितेय.

मी नारायणगावात घरीच मुलं सांभाळते. आज सकाळी गॅसला नंबर लावून, भाजी घेऊन घरी आले. तेवढ्यात शेजारची सुनीता चार वर्षांच्या ओमला माझ्याकडे सोडून मंचरला कामावर गेली. दुपारी त्याला भरवताना टीव्हीवर जुनी मालिका लावली. त्यात एक बाई रडत होती. ओम उठला, रुमालानं टीव्हीची काच पुसली आणि म्हणाला, "आई, दार उघड ना."



सांगू की नको असं झालं, पण संध्याकाळी सुनीताला सांगितलं. ती उंबऱ्यावरच बसली.

"ताई, माझी आई गेल्यापासून मी न्हाणीत कडी लावून रडते. वाटायचं, त्याला काय कळतंय!"

"मग हितंच रड," मी म्हटलं. "दार लावायचं काय काम नाय."

ती लई रडली. ओम बघत उभा राहिला, मग तिच्या मांडीत शिरून म्हणाला, "मला पण आजी पायजे."

मग दोघं मिळून रडली.

आपण मुलांपासून दुःख लपवतो, पण ते त्यांचंही असतं, हे मला आजवर सुचलंच नव्हतं. तुम्ही मुलांसमोर रडता का?