दारावरचं वचन

आम्ही गाव सोडलं तेव्हा आई एस.टी.ची खिडकी धरून उभी होती. कंडक्टरने दोनदा बेल मारली तरी सोडेना. माझ्यानंतर किती वर्षांनी, देवाकडे मागून मागून मिळालेला तिचा शमुवेल माझ्यासोबत चाकणला निघाला होता. तिने त्याच्या शर्टाच्या खिशात एक कार्ड कोंबलं. आमच्या चर्चमध्ये नवीन वर्षाच्या सकाळी टोपलीतून बायबलच्या वचनाचं कार्ड उचलायची रीत आहे. हाताला लागेल ते त्या घराचं वर्षभराचं वचन. त्या वर्षी आईच्या हाताला लागलं होतं ते असं, की कुठलीही पीडा तुझ्या तंबूजवळ येणार नाही.

"खोलीच्या दारावर लाव," ती म्हणाली. "शास्त्र आहे ते. खोटं नाही पडायचं."

"तंबू कुठला, आई? दहा बाय दहाची खोली आहे," शमू हसला. "पण लावतो."

लावलंही. दाराच्या आत पाण्याचा ड्रम होता, कारण नळ दिवसाआड यायचा. मी गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला लागले, तो एका गोदामात. शिफ्ट जुळायच्या नाहीत, पण रविवार आमचा असायचा. फोन स्पीकरवर ठेवायचा आणि आई गावाहून एक अध्याय वाचायची. आम्ही इकडे कांदा चिरत ऐकायचो. शमू मध्येच मोठ्याने "आमेन" म्हणून फोडणी टाकायचा आणि आई तिकडून ओरडायची, "गाढवा, प्रार्थना व्हायचीय अजून!"

पाऊस सरता सरता त्याला ताप आला. डेंग्यू. प्लेटलेट पडत गेल्या. आई आली आणि आयसीयूच्या दाराशी बसून तेच एक वचन पुटपुटत राहिली. आठवडाही लागला नाही, माझा भाऊ गेला. खोलीवर परतलो तेव्हा कार्ड दारावर तसंच होतं आणि ड्रमवर डास घोंगावत होते. आईने दोन्हींकडे पाहिलं आणि विचारलं, "खोटं निघालं का गं ते?"

मी ड्रम कलंडवून सगळं पाणी ओतून दिलं.

गावच्या चर्चमधल्या बायकांनो, शमूला गावी माती दिली तेव्हा तुम्ही तिला म्हणालात, विश्वास कमी पडला असेल. अहो, जिने तुमच्या पोरांकडून वचनं पाठ करून घेतली, तिचा विश्वास कमी? लाज नाही वाटली? आणि कंपनीतल्या माझ्या मित्रांनो, तुम्ही चहा पिता पिता मला समजावलंत की हजारो वर्षांची जुनी पुस्तकं, नकलेवरून नकला झालेली, लिहिणारे कोण ते धड माहीत नाही, सोडून दे. तुमचं बरोबरही असेल. पण त्याने माझ्या आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तिने बायबल फडक्यात गुंडाळून ट्रंकेत टाकलं होतं. एकदाही रडली नव्हती.

मी तिला गावाहून पुन्हा चाकणला घेऊन आले. आमच्या घरमालकीण सुलाबाई इथल्या जुन्या गावातल्या. त्यांनी मला जिन्यात गाठलं. "पोरी, तुमच्या पुस्तकातलं खरं हाय का न्हाई, मला काय ठावं? पर तुझी आई अजून रडली न्हाई. त्ये चांगलं न्हाई बघ."

त्या रविवारी दुपारी मी माझं बायबल काढलं. वाचायला नाही, भांडायला. स्तोत्रं चाळत गेले. ती मुळात यहुद्यांची, त्यांच्याकडून आमच्याकडे आलेली. त्यात एक असं सापडलं की शेवटपर्यंत उजाडतच नाही. माणूस देवाला विचारतोय, का टाकलंस मला, का तोंड लपवतोस? देव उत्तर देत नाही. शेवटचा शब्द अंधाराचा, आणि स्तोत्र संपतं.

माझं काम तपासणीचं. मालासोबत आलेल्या रिपोर्टात सगळी मापं चोख असली, की आम्हाला आधी संशय येतो, कुणीतरी न मोजताच टेबलाशी बसून भरलाय. हुकलेलं माप ज्याने लपवलं नाही, त्याच्या शब्दाला आम्ही किंमत देतो. लोकांना फसवायचंच असतं तर हे पान इतकी वर्षं कुणी ठेवलं असतं?

मी ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती भिंतीला टेकून बसली होती.

"हे आहे त्यात?" तिने विचारलं.

"आहे. आई, दारावरचं खरं का खोटं, मला नाही माहीत. पण हे खरं आहे."

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं, आणि आई रडली. शमूचं नाव घेऊन अशी रडली की सुलाबाई धावत वर आल्या आणि तिच्याजवळ बसल्या.

आई आता गावी आहे. मी अजून त्याच खोलीत राहते. गावी गेले की शमूची जागा रिकामी दिसते, इथे आले की त्याचे जेवणाचे डबे दिसतात. मग घर कुठलं म्हणायचं? रविवारी फोन लागतो तेवढा वेळ मला घरी असल्यासारखं वाटतं. आता मी वाचते, ती ऐकते. कार्ड दारावरच आहे. ते काढवत नाही, आणि त्याच्याकडे बघवतही नाही.

त्या अंधाराच्या स्तोत्रानंतरचं स्तोत्र गाण्याने सुरू होतं. मी दर वेळी विचारते, "आई, पुढचं वाचू का?"

ती "नको गं, बाळा," म्हणते. "अजून नको. तेच वाच."