सरासरीखालचं ‘व्हतं’

तळेघरजवळच्या आमच्या शाळेत राज्याची वाचन चाचणी झाली, तेव्हा तपासायला तालुक्याचे शिक्षणाधिकारी साहेब स्वतः आले होते. चौथीतली एक मुलगी उतारा घडाघडा वाचत होती. छापलेल्या ‘होतं’ला ती ‘व्हतं’ म्हणायची आणि ‘नाही’ला ‘न्हाई’. साहेबांनी अशा प्रत्येक शब्दाला चूक धरली. मग तालुक्याच्या बैठकीत पडद्यावर राज्याची सरासरी निळ्या रंगात आणि तिच्याखाली आमची शाळा लाल रंगात दाखवून ते म्हणाले, “बाई, मुलांना आधी बोलायला तरी शिकवा.” सगळे हसले. मी ते विसरले नाही.

साहेब मूळचे आमच्याच तालुक्यातले. चिडले की त्यांची शुद्ध भाषा पळून जाते, हे मला ठाऊक होतं. पुढच्या बैठकीत मी मुद्दाम विचारलं, शाळेचं गळकं छप्पर अजून का दुरुस्त झालं नाही. त्यांनी उत्तर टाळलं की मी पुन्हा तेच विचारायचे. शेवटी ते भडकले, “मला कुणी सांगितलंच न्हाई, तर माझ्या हातात काय व्हतं?”

“एका वाक्यात दोन चुका, साहेब,” मी म्हणाले. “राज्याच्या सरासरीखाली गेलात.”

या वेळी सगळे त्यांना हसले. आठवड्याभरात साहेबांचा अपमान केल्याबद्दल मला नोटीस आली. ती मी त्याच मुलीला वर्गात मोठ्यानं वाचायला लावली. तिनं प्रत्येक ‘होते’चं ‘व्हते’ केलं. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.