वनिताच्या गळ्यावरचा पिवळा रंग

भुताखेताच्या गोष्टी मला कधीच पटल्या नाहीत. सोळा वर्षं नर्स आहे, बाळंतपणं केली, मेलेली माणसं पुसून काढली... असलं काही मनात घेतलं तर आमचं काम होणारच नाही. तरी हे लिहितेय, कारण ओळखीच्या कुणाला सांगायची हिंमत नाही.

मी मुरबाडला राहते. उपकेंद्र शहापूर तालुक्यात, शेणव्याच्या पुढे. रोज स्कूटीनं जाते-येते. तिकडच्या घरांत आतल्या खोलीला खिडकी नसते, भर दुपारी अंधार. त्यामुळे पर्समध्ये टॉर्च लागतोच. आधीचा साधा होता, उजेड भरपूर पण निळसर. त्या उजेडात मी चार दिवसांचं एक बाळ तपासलं आणि ठीक आहे म्हणून निघून आले. बाळाला कावीळ होती. निळ्या उजेडात पिवळेपणा मला दिसलाच नाही. बाळ वाचलं, पण काविळीमुळे त्याला ऐकू येत नाही.

त्यानंतर मी टॉर्चच्या मागेच लागले. सीआरआय म्हणून एक आकडा असतो, त्यावरून उजेडात रंग किती खरे दिसतात ते कळतं. तो नव्वदच्या वर हवा. पण तेवढ्यानं भागत नाही. काहींचा आकडा चांगला असतो, पण उजेडाला हिरवट झाक असते, त्यात धडधाकट माणूसही आजारी दिसतो. कल्याणच्या दुकानात मी हळदीची पुडी आणि कुंकवाची डबी घेऊन गेले, आणि प्रत्येक टॉर्च आधी त्यांच्यावर, मग स्वतःच्या तळहातावर मारून बघितला. दुकानदार हसत होता. चौथ्याचा उजेड जरा कमी होता, पण किंचित गुलाबी. तळहात उन्हात धरल्यासारखा दिसला. तोच घेतला.

भातकापणी झाल्यावरची गोष्ट. दुपारी तीनच्या सुमारास मी वनिताच्या घरी गेले. चोविसेक वर्षांची, पहिलटकरीण, बाळ दीड महिन्याचं. लाईट गेली होती. सासू दारात तांदूळ निवडत बसली होती. रक्त कमी आहे का बघायला मी वनिताची पापणी खाली ओढली, टॉर्च मारला, आणि उजेड गळ्यावर घसरला.

गळ्याच्या डाव्या बाजूला चार बोटं, उजवीकडे अंगठा. रंग पिवळा, कडेला हिरवट. आठवडाभर जुना वळ असा दिसतो, हे कुठलीही नर्स सांगेल.

मी विचारलं, "गळा कोणी दाबला तुझा?"

ती म्हणाली, "मला कोनी हात नाय लावला, शिष्टर."

मी तिला दारात उन्हात आणलं. गळा स्वच्छ. आत नेऊन मोबाईलच्या उजेडात बघितलं, स्वच्छ. पुन्हा टॉर्च लावला... पाचही बोटं जिथल्या तिथे.

तिथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण ते बाळ डोक्यात होतं. एकदा दिसलं नाही म्हणून एका लेकराचे कान गेले, आता दिसतंय तर सोडायचं कसं? मी सासूसमोरच बोलले, की हा टॉर्च खोटं दाखवत नाही, आणि तुमच्या मुलाला सांगा, असल्या गोष्टींची पोलीस केस होते. सासूनं सूप खाली ठेवलं. शांतपणे म्हणाली, "सांगते ना. रमेश आला का सांगते, तुमी काय बोल्ल्या ती."

मला बरं वाटलं. वाटलं, घाबरतील.

नवव्या दिवशी उपकेंद्राच्या अंगणात लसीकरण होतं. सकाळचं लख्ख ऊन. वनिता बाळाला घेऊन आली, डोक्यावरून पदर गच्च ओढलेला. माझ्यापाशी येऊन तिनं तो बाजूला केला. डावीकडे चार, उजवीकडे अंगठा. पिवळा, कडेला हिरवट. त्या दिवशी दिसला होता तोच रंग, त्याच जागी. यावेळी उन्हात.

तिनं सगळं खालच्या आवाजात सांगितलं. मी गेले त्याच संध्याकाळी सासूनं रमेशला सांगितलं, आणि त्यानं तिचा गळा दाबला. आठ दिवस तिला घराबाहेर पडू दिलं नाही. "शिष्टरपाशी माजी बदनामी करतेस, बोल्ला. त्याच्या आदी त्यानं कदी हात नवता उगारला."

"कधीच नाही?"

"कदीच नाय."

मी तक्रारीचं बोलले. ती म्हणाली, तुम्ही एकदा बोललात तेवढं पुरे झालं. मग हनुवटी वर केली.

"लावा ती बॅटरी. पुडं काय हाय ती तरी सांगा."

मी टॉर्च हातात घेतला. बटण दाबवलं नाही. ती पदर ओढून रांगेत गेली.

आमच्या डॉक्टरांना मी नाव न सांगता विचारलं. ते म्हणाले, मंगळसूत्राची सावली असेल. सावली पिवळी नसते. नंतर तोच टॉर्च शेकडो माणसांवर मारला, जे उन्हात दिसतं तेच त्यात दिसतं. मला त्या दुपारी काय दिसलं, आणि मी ते बोलले नसते तर पुढचं झालं असतं का?

वनिता अजून तिथेच नांदते. बाळाच्या प्रत्येक डोसला वेळेवर येते. नंबर आला की पदर सरकवते, हनुवटी वर करते आणि थांबते. मी मान खाली घालून बाळाची मांडी पुसत राहते.